शाळेमागचा व्हाळ

त्या शाळेतले पहिले काही आठवडे मला आठवतात ते शांततेमुळे. मी वर्गात पाय टाकला की सगळे आवाज बंद. कौलांच्या फटीतून उतरलेले दोन-तीन कवडसे, त्यात तरंगणारी खडूची धूळ, मागच्या झाडीत कुठेतरी कुंभ्याचं, म्हणजे भारद्वाजाचं, घुमणं, आणि माझा एकटीचा आवाज. कधीकधी वाटायचं, आपण मुलांना शिकवतच नाही आहोत, त्या रिकाम्या हवेलाच काहीतरी समजावतो आहोत.

मी घाटावरची. कोल्हापूरकडच्या एका गावात वाढले, तिथेच डी.एड. केलं आणि नोकरीची पहिली नेमणूक मिळाली ती मालवण तालुक्यात, धामापूरच्या तळ्यापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात. शाळा दोन खोल्यांची. एका खोलीत मुख्याध्यापक सर चौथीपर्यंतचे वर्ग घेत, दुसऱ्या खोलीत मी पाचवी, सहावी, सातवी एकत्र. मागे व्हाळ, म्हणजे ओढा. पलीकडे भाताचे मळे, मग पोफळीची बाग, मग काजूचा डोंगर. गावातली माणसं सकाळी शेतात जात आणि संध्याकाळी परत येत, आणि मधल्या वेळात त्या गावात फक्त पाणी वाहतं असं मला वाटे.

त्याच वर्षी खाडीच्या तोंडाजवळची एक लहान शाळा मुलं कमी म्हणून बंद झाली होती. तिथली मुलं आमच्याकडे आली. रोज सकाळी एका रिक्षात दाटीवाटीने बसून यायची, केसांना वारा लागलेला, कपड्यांना सुक्या मासळीचा थोडा वास. ती खिडकीच्या बाजूला बसत. गावची मुलं दाराच्या बाजूला. मध्ये बाक बसेल एवढी वाट मोकळी. ती वाट कुणी आखली नव्हती, पण कुणी ओलांडतही नव्हतं.

प्रशिक्षणात आम्हाला गटाने शिकवायचं शिकवलं होतं. मी गट केले, दोन्हीकडची मुलं मिसळून. झालं काय, प्रत्येक गटात एक मूल लिहायचं आणि बाकीची त्याच्या हाताकडे बघत बसायची. दाराजवळच्या पहिल्या बाकावर सातवीतली एक मुलगी होती, वर्गात सगळ्यांत हुशार. ती उत्तर लिहिताना डावं कोपर पाटीसारखं आडवं धरायची, आपल्याच गटापासून लपवून. तिच्या गटात खाडीवरची एक मुलगी होती, तीही सातवीतली, काळीसावळी, उंच. ती पूर्ण वेळ खिडकीबाहेर बघत असे. मी विचारलं, "तू का नाही सांगत काही?" तर ती उभी राहिली, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं आणि म्हणाली, "तिका सगळा येता, बाई."

यात तक्रार नव्हती. पाऊस पडतोय असं सांगावं तसं तिने ते सांगितलं.

मी संध्याकाळी भाड्याच्या खोलीच्या पायरीवर बसून याचा विचार करत असे. घरमालकीण आतून हाक मारायची, "बाय, जेवक ये गो," आणि मी उठायची.

मग श्रावण सरता सरता एक दिवस असा आला की वर्ग गळायला लागला. पाऊस दोन महिने जुना झालेला, त्याचं कुणाला कौतुक राहिलं नव्हतं. माकडांनी आदल्या दिवशी कौलं हलवली होती आणि सकाळी बघते तर दाराकडची बाजू पूर्ण ओली आणि खिडकीकडची अर्धी. कोरडा राहिला होता तो फक्त मधला भाग, ती मोकळी वाट. मुलांनीच बाक ओढले. दोन्हीकडचे बाक मधे येऊन एकमेकांना टेकले, आणि सगळी मुलं एका बेटावर बसावीत तशी गोळा झाली. चहूबाजूंनी थेंब पडत होते. कुणीतरी खाली टोप ठेवला, त्यात टपटप वाजू लागलं. ढगांमुळे खोलीत इतका अंधार होता की फळ्यावरचं दिसत नव्हतं. मी खडू हातात धरून नुसती उभी राहिले.

मागच्या खिडकीतून व्हाळ दिसत होता. तांबडा, फुगलेला, पानं आणि काटक्या घेऊन चाललेला. खाडीवरची ती मुलगी त्याच्याकडे बघत होती. बघता बघता म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही, "ह्यां पाणी आमच्याकडे येता."

हुशार मुलगी चटकन वळली. "खोटा. ह्यो व्हाळ खालच्या मळ्यात जिरता. माझ्या आजोबान सांगितल्यान."

"जिरणा नाय. पावसात आमची खाडी लाल होता. ती कशान होता मगे?"

"तुमच्याच मातयेन होता."

"आमच्याकडे लाल माती खंय आसा? आमच्याकडे रेव!"

यानंतर एकदम सगळेच बोलायला लागले. गावच्या एका मुलाने सांगितलं की व्हाळ पुलाखालून पुढे जातो, त्याने पाहिलंय. दुसरा म्हणाला, पुढे म्हणजे कुठे? खाडीवरचा एक जण सांगू लागला की पावसात त्यांच्या दाराशी पोफळीची झावळं वाहून येतात आणि त्यांच्याकडे तर पोफळी नाहीतच. सगळी मुलं माझ्याकडे पाठ करून बसली होती. मला उत्तर साधारण ठाऊक होतं. नकाशा कपाटात होता. तोंड उघडणार, एवढ्यात माझ्या लक्षात आलं की त्या खोलीत, मी असताना, पहिल्यांदाच दोन्हीकडची मुलं एकमेकांशी बोलत आहेत. मी खडू हळूच टेबलावर ठेवला आणि टोपातलं पाणी ओतायला बाहेर गेले. बाहेर पागोळीखाली बराच वेळ उभी राहिले. आतला गोंधळ ऐकत होते. माझ्या साडीचा काठ भिजला ते मला नंतर कळलं.

परत आत आले तेव्हा हुशार मुलगी उभी राहून म्हणाली, "बाई, तुम्ही सांगा. कोण बरोबर?"

"मी नाही सांगणार," मी म्हणाले. "तुम्हीच शोधून काढा. सगळ्यांनी मिळून."

तिचा चेहरा पडला. तिला आजवर कुठल्याही बाईंनी असं फसवलं नसावं.

पुढचे कितीतरी दिवस तो प्रश्न वर्गात मुक्कामाला राहिला. गणित व्हायचं, मराठी व्हायचं, आणि मधल्या सुट्टीआधी थोडा वेळ आम्ही व्हाळाकडे यायचो. छप्पर शाकारून झालं तरी बाक कुणी मागे नेले नाहीत. मीही सुचवलं नाही. पाण्यात रंग ओतावा, असं एकाने सुचवलं. लाल पाण्यात कुठला रंग दिसणार, म्हणून ते बाद झालं. कागदाच्या होड्या भिजणार. नारळ सोडावे तर सगळ्यांचे नारळ सारखेच. शेवटी गावच्या मुलांनी पोफळीची विरी आणली, झावळीच्या बुडाशी असते ती रुंद, चिवट साल. तिची होडी खाडीवरच्या मुलांनी करून दाखवली, दोन्ही टोकं मुडपून बांधलेली. ती भरलेल्या बादलीत तरंगली तेव्हा सगळा वर्ग तिच्यावर ओणवा झाला होता. डोक्याला डोकी लागली होती आणि कुणी मागे सरत नव्हतं.

अडलं ते भरतीवर. खाडीवरची मुलगी म्हणाली, "भरती असली तर होडी येवची नाय. पाणी उलटा वर चढता."

गावची मुलं हसली. पाणी वर चढतं? डोंगरातल्या मुलांनी पाणी फक्त उतरताना पाहिलेलं. समुद्र अवघ्या काही मैलांवर, पण त्यांतले कितीतरी जण तिथे फक्त जत्रेला किंवा पाहुण्यांबरोबर जाऊन आलेले, पाण्याच्या कडेला पाय भिजवून परत फिरलेले.

तिने मग बोलणं सोडलं आणि सगळ्यांना उठवलं. बाक भिंतीला लावले. गावच्या मुलांची एक रांग फळ्यापासून, खाडीवरच्यांची दुसरी दारापासून. "तुम्ही व्हाळ," ती म्हणाली. "हळू चला. खाडयेकडे व्हाळ धावणा नाय. आम्ही समुद्र." व्हाळ हळूहळू चालत आला. "आता भरती इली," ती म्हणाली, आणि दुसऱ्या रांगेने हातांचे पंजे पुढे करून पहिल्या रांगेच्या पंजांना लावले. समुद्र चालू लागला. व्हाळ एकेक पाऊल मागे सरकत पुन्हा फळ्यापर्यंत गेला. सगळी हसत होती. पण त्या हसण्यात हळूहळू काहीतरी निवत गेलं, आणि शेवटी दोन्ही रांगा पंजाला पंजा लावून तशाच उभ्या राहिल्या. दुपारचं ऊन पिवळं होऊन जमिनीवर पडलं होतं.

हुशार मुलीची पाठ फळ्याला टेकली होती. ती म्हणाली, "मगे आमचा पाणी खंय जाता?"

"जाणा नाय. थांबता."

"किती वेळ?"

"सुकती लागासर." सुकती म्हणजे ओहोटी. "सुकती लागली की वाट मोकळी होता. मगे जाता."

"आणि सुकती कधी लागतली ता तुका कसां कळता?"

"बापाशीक विचारतंय. नायतर होडयेची दोरी बघतंय, खंयच्या बाजूक ताणली आसा ती."

हुशार मुलीने मान हलवली. ती मला सोडून वर्गात कुणाला प्रश्न विचारते आहे हे मी पहिल्यांदा पाहत होते. तिने एकामागून एक प्रश्न विचारले.

पाऊस ओसरेपर्यंत थांबणं भाग होतं. भरल्या व्हाळाकाठी मुलांना नेण्याची माझी छाती नव्हती आणि सरांनी नेऊही दिलं नसतं. सर स्वभावाने भिडस्त, निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली. मी सगळं सांगितल्यावर बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत राहिले. म्हणाले, "पालकांना विचारा. पाणी घोट्याच्या वर असलं तर जायचं नाही. आणि प्रत्येक ठिकाणी मोठं माणूस हवं."

पालकांच्या सभेत हुशार मुलीची आई पहिली उठली. "बाई, पोरांका व्हाळात कित्याक घालतास? आमच्याकडे भात कापूचा आसा. आणि होडये सोडून परीक्षेत मार्क गावतले काय?"

खरं सांगायचं तर मलाही ठाऊक नव्हतं. तेवढ्यात मागून खाडीवरच्या मुलीची आई बोलली. ती मासे विकून थेट आली होती, टोपली दारात ठेवून. "आमच्या पोरीन आता घराकडे शाळेचा बोलूक सुरुवात केल्यान," ती म्हणाली. "पयली बोलतच नव्हती. माका तेवढाच म्हायत." आणि ती खाली बसली. मग पहिली बाई पुटपुटली, "शनिवारी सकाळीच काय ता करा तर. मी येतंय."

दिवाळीनंतरचा तो शनिवार. सकाळी धुकं होतं, मळ्यांतली कापलेली भातं दवाने जड झालेली. व्हाळ आता स्वच्छ, तळाचे गोटे दिसावेत असा. खाडीवरच्या मुलांनी सुकतीची वेळ पक्की करून आणली होती. जोड्याही मुलांनीच ठरवल्या. एक हयसरचो, एक थंयसरचो, म्हणजे एक गावचा, एक खाडीवरचा. व्हाळाच्या प्रत्येक वळणावर एक जोडी आणि जवळ एक मोठं माणूस. आपल्या वळणावर अडकलेली होडी सोडवायची, पण पुढे ढकलायची नाही, हा नियम त्यांनी बराच भांडून केला होता. अगदी शेवटी, व्हाळ खाडीला मिळतो तिथे, त्या दोघी मुली.

शाळेमागे सरांनी स्वतः होड्या सोडल्या. गेरू आणि चुन्याने रंगवलेल्या, तांबड्या-पांढऱ्या. त्या निघाल्या आणि मी काठाकाठाने खाली चालू लागले.

ते चालणं मला आजही स्वप्नासारखं आठवतं. धुकं अंगावरून सरकत होतं. होड्या माझ्यापेक्षा हळू चालत होत्या, मधेच भोवऱ्यात फिरत, मधेच दगडाला टेकून विचार करत. मी पुढे जायची, थांबायची, त्या मागून यायच्या. प्रत्येक वळणावर दोन मुलं वाट बघत बसलेली. त्यांना दुसरं काही करायचंच नव्हतं, म्हणून ती बोलत होती.

पुलाजवळ दोन मुलगे काठावर पालथे पडले होते. एक विचारत होता, "तुमच्या समुद्रात देवचार आसा?"

"आसा मां. पण तो होडयेत बसणा नाय."

"आमचो पण. आमचो त्या आंब्यार बसता."

माझी सावली त्यांच्यावर पडली. त्यांनी वर पाहिलं. मला वाटलं, आता गप्प होतील. पण पहिल्याने फक्त थोडं सरकून मला जागा दिली आणि तो पुढे बोलू लागला. मी तिथे जरा वेळ बसले. देवचार, म्हणजे गावाचा अदृश्य राखणदार, कुठल्या हद्दीपर्यंत राखण करतो आणि समुद्राचा देवचार तिथे कसा सुरू होतो, हे त्या दोघांनी ठरवलं. मला कुणी काही विचारलं नाही. मी खूप सुखात होते.

पोफळीच्या बागेत तीन होड्या मुळांत अडकल्या, त्यांतल्या दोन सुटल्या. एक फुटली. तिच्या जोडीने ती पानावर ठेवून शेजारी दगड मांडला, कशासाठी ते मी विचारलं नाही. पुढे जमीन सपाट झाली, वाऱ्याला खारट वास आला, आणि व्हाळ रुंद होऊन कांदळवनात शिरला. तिथे बांधावर हुशार मुलीची आई आणि मासेवाली आई शेजारी शेजारी बसल्या होत्या. मधे पेजेचा टोप, बरोबर तळलेले सुके बांगडे. त्या भाताच्या आणि माशांच्या भावाबद्दल बोलत होत्या. मला बघून टोपाकडे हात केला, म्हणजे बस, खा.

मुली पुढे, चिखलाच्या कडेला. पाणी स्तब्ध होतं. खाडीवरच्या मुलीने काठी रोवली होती आणि काठीवरची ओली खूण बघत होती. हुशार मुलगी तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"थांबला?"

"थांबला. आता बघ."

आम्ही सगळ्या बघत राहिलो. धुकं आता फक्त पाण्याच्या पृष्ठभागावर उरलं होतं, पातळ. खूप वेळाने काठीवरची ओली रेघ पाण्याच्या वर दिसू लागली. आधी बोटभर, मग दोन बोटं. आणि कांदळांच्या मुळांमधून पहिली होडी आली. तांबडी. मग एक पांढरी, मग दोन एकत्र, एकमेकींना धक्के देत. त्या खाडीच्या तोंडाशी येऊन थोड्या फिरल्या, जणू कुठे जायचं ते त्यांनाही ठरवायचं होतं. मग सुकतीने त्यांना धरलं आणि सरळ समुद्राकडे नेलं.

"गेली," हुशार मुलगी हळूच म्हणाली.

"मी सांगलंय मां?"

"तुका तरी खंय नक्की म्हायत होता!"

खाडीवरची मुलगी तिच्याकडे बघत राहिली आणि मग जोरात हसली. "नाय," ती म्हणाली, "नव्हता." मग दोघी हसत सुटल्या. मागच्या वळणांवरची मुलं एव्हाना धावत आली होती. कुणाची होडी कुठली, हे कुणालाच ओळखू येत नव्हतं. तरी सगळे आपापली म्हणून बोट दाखवत होते, एकाच होडीला चार-चार जण.

सगळ्यांना घेऊन परत शाळेत येताना टेम्पोत निम्मी मुलं झोपून गेली, कुणाचं डोकं कुणाच्या मांडीवर. गावचं कोण आणि खाडीवरचं कोण, हे मला वेगळं करून बघावंसं वाटलं नाही.

त्यानंतर वर्गात आवाज वाढला. खूपच वाढला. पुढे केंद्रप्रमुख तपासणीला आले तेव्हा त्यांनी फळ्यावर आंब्याच्या पेट्यांचं एक गणित घातलं, आणि सगळ्या वर्गाने आधी फळ्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे वळून कुजबुज सुरू केली. ते म्हणाले, "शेजाऱ्याचं बघायचं नाही."

हुशार मुलगी उभी राहिली. प्रमाण मराठीत बोलायचा प्रयत्न करत म्हणाली, "सर, आम्ही बघत नाही. हिला पेट्यांचं कळलं, मला भागाकाराचं. आता दोघींचं एकत्र करतोय."

ते हसले नाहीत. उत्तर बरोबर आलं, तरी जाताना मला म्हणाले, "शिस्तीकडे लक्ष द्या, बाई." मी हो म्हणाले. सर त्यांना फाटकापर्यंत सोडायला गेले. परत येताना माझ्या दाराशी थांबले, आत डोकावून तो गोंगाट थोडा वेळ ऐकला आणि म्हणाले, "माझ्या खालच्या वर्गांना विहिरीच्या पाण्याचा काहीतरी प्रश्न पडलाय. कसं करायचं ते तुमच्या मुलांना पाठवा सांगायला."

त्या दोघी आता हायस्कूलला आहेत, मालवणला. हुशार मुलगी नववीत गणितात मागे पडली होती असं कानावर आलं, आणि दोघी मिळून अभ्यास करतात असंही. मागच्या महिन्यात मी बाजारातून परतत होते. स्टँडवर दोघी उभ्या होत्या, एका पाण्याच्या बाटलीतून आळीपाळीने पाणी पीत, कशावरून तरी तावातावाने वाद घालत. मी हाक मारणार होते. पण वाद रंगात आला होता, एकीने हाताने हवेत काहीतरी आकृती काढली आणि दुसरीने ती खोडून दुसरी काढली. मी हाक मारली नाही. एसटी आली, त्या तशाच बोलत चढल्या, आणि खिडकीशी बसल्यावरही काचेमागे त्यांचे हात चालूच होते.